हातेमच्या आठ ओळी

२६ मार्च, रविवार

माझ्या हाताने केलेल्या गोष्टी: रस्त्याखालच्या बॉम्बनिवाऱ्याच्या चारही भिंतींवरच्या लाकडी चौकटी, त्यात आवाज अडवायला ठासलेली दगडी लोकर, आणि वरून ताणून बसवलेलं कापड (इम्माचे, म्हणजे आईचे, जुने पडदे, दोनदा धुऊन). लोखंडी दाराची रबरी कड. वर रस्त्यावरून ट्रक गेला तरी आत समजत नाही. हवेचा नळ, तीन ठिकाणी वळवलेला, म्हणजे हवा आत येते आणि आवाज वळणांवरच दमतो. माइकचा स्टँड, शेतातल्या ठिबकच्या नळीचा. तीन तारांची गिंब्री, मोरोक्कोत वाजवतात तशी, अक्रोडाचं खोड कोरून. वरचं बोकडाचं कातडं तीनदा फाटलं, चौथ्यांदा बसलं. अठरा गाणी, त्यांचे शब्द आणि ठेके, सगळे माझे. कुठल्याही शाळेत गेलो नाही. दिवसा लोकांचे एसी दुरुस्त करतो, बाकीचं ऐकून ऐकून शिकलो.

आणि हातेम.

हे शेवटचं नाव लिहून थांबलो होतो, पण खोडत नाही. तीन वर्षांपूर्वी तो एक ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस होता. त्याच्या गाडीचा एसी दुरुस्त करायला गेलो, तर हा बोनेटवर बोटं आपटत अरबीत रॅप करत बसलेला. कच्चा माल उत्तम होता. मी त्याला माइकपासून किती लांब उभं राहायचं ते शिकवलं, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. आज आमच्या रामला गावच्या बाजारात लोक आम्हाला जोडीने ओळखतात. ज्यू आणि अरब एकाच माइकवर, ही कल्पना माझी.

ही यादी लिहायचं कारण म्हणजे काल त्याने विचारलं, "उस्ताद, या खोलीत माझं काय आहे?"

वाद 'उंबरठा' या गाण्यावरून. १३ एप्रिलला, वल्हांडण हा आमचा ज्यूंचा सण संपला की येणाऱ्या मिमूनाच्या जत्रेत, नगरपालिकेच्या बागेतल्या मंचावर ते पहिल्यांदा म्हणायचंय. पहिला अर्धा भाग माझा, हिब्रूत. दुसरा त्याचा, अरबीत, सोळा ओळींचा. मी त्यातल्या शेवटच्या आठ काढल्या. कारण पूर्णपणे तांत्रिक आहे: नवव्या ओळीपासून तो ठेक्याच्या पुढे पळतो.

"पहिल्या आठ ओळींत भाकरी, मध, शेजारपाजार," हातेम म्हणाला. "तिथे मी पळत नाही. नवव्या ओळीपासून आजोबांचं हातचं गेलेलं घर येऊ लागलं की लगेच पळतो?"

"मी शब्द ऐकतच नव्हतो. मी ठेका ऐकत होतो."

"तेच म्हणतोय मी."

मग तो उठला आणि म्हणाला, "सोळाच्या सोळा, नाहीतर त्या दिवशी मंचावर तू आणि तुझा बोकड."

बोकड म्हणजे माझी गिंब्री. रमजान चालू आहे, दिवसा त्याला सिगरेट मिळत नाही. चिडचिड त्यातून होते. निवळेल.

३० मार्च, गुरुवार

निवळलं नाही. फोन करतो तर "विद्यार्थी गाडीत आहे" म्हणून ठेवतो. सकाळी सहा वाजता कसला विद्यार्थी?

इकडे वल्हांडण सणाची साफसफाई. इम्मा एकोणऐंशी वर्षांची आहे, पण या आठवड्यात तिच्या अंगात पंचविशी संचारते. कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या. सणात घरात खमिराचा, म्हणजे पाव, पीठ, बिअर अशा धान्याच्या कशाचाही, कण राहता कामा नये. माझी व्हिस्की, बिअरचा खोका, रव्याची गोणी, सगळं तिने दाराबाहेर मांडून ठेवलं आणि म्हणाली, "मोनी, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, पण हे माझ्या डोळ्यांसमोरून ने."

निवाऱ्यात नेऊन ठेवलं.

२ एप्रिल, रविवार

खमीर नुसतं घराबाहेर काढून भागत नाही, सणात ते मालकीचंही असता कामा नये. इतर लोक काय करतात? सभास्थानात जातात, रब्बी अमसेलेम यांच्या कागदावर नाव घालतात, आणि रब्बी अख्ख्या वस्तीचं खमीर सणापुरतं एका परधर्मी माणसाला विकतात. सण संपला की परत घेतात. मागच्या वर्षी त्या कागदावर माझा पत्ता चुकला होता. मजला दुसरा लिहिला होता. आम्ही तिसऱ्यावर राहतो. म्हणजे वर्षभर मी जी बिअर प्यायलो, ती विकली गेली होती की दुसऱ्या मजल्यावरच्या बुझाग्लोची?

यंदा विक्रीपत्र मी स्वतः केलं. चार जुनी विक्रीपत्रं वाचली, त्यांतली ढिलाई काढून टाकली. एक अडचण होती. हातेम वर्षभर निवाऱ्यात बसून तिळाचे कडक पाव खातो. भुगा कुठे नाही? गालिच्याखाली, चौकटींच्या फटीत, आवाजाच्या मिक्सरच्या बटणांखाली. नुसतं कपाट विकून भागणार नाही. इतर कुणी डोळेझाक केली असती. मी लिहिलं: 'सदर खोली, तिच्या चार भिंतींच्या आत जे जे आहे त्या सर्वांसह.'

विकत घेणारा परधर्मी हवा. माझ्या ओळखीत विश्वासाचा असा एकच.

५ एप्रिल, बुधवार

सकाळी हातेम आला. घाईत लिहितोय, संध्याकाळी सण बसतो, मग उद्या रात्रीपर्यंत लेखणी धरत नाही.

त्याने विक्रीपत्र दोनदा वाचलं. हिब्रू त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

"सगळं?" त्याने विचारलं.

"सगळं."

"माइक? बोकड?"

"चार भिंतींच्या आत जे जे आहे. मी अर्धवट काम करत नाही."

"ते माहितीये रे बाबा." त्याने खिशातून नाणं काढून माझ्या तळव्यावर ठेवलं आणि हात पुढे केला. "किल्ली?"

किल्ली दिली नाही तर विक्री खरी होत नाही, हा नियमच आहे. माझ्याकडे दुसरी होती, तीही देऊन टाकली. व्यवहार चोख.

निघताना तो पायऱ्यांवर थांबला. "उस्ताद, मंचाचं काय ठरलं?"

"आठ ओळी," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. पण 'बरं' म्हणताना तो हसला, ते मला आवडलं नाही.

७ एप्रिल, शुक्रवार

दुपारी निवाऱ्यावरून चाललो होतो. मुद्दाम नव्हे, तो जवळचा रस्ता आहे. हवेच्या नळातून ठेका ऐकू आला. आवाज बाहेर येऊ नये अशी ती वळणं आहेत; पण मी नळाच्या तोंडाशी वाकून कान लावला होता, तेव्हा तो दोष धरता येणार नाही.

आत कुणीतरी माझा ठेका लावून रेकॉर्ड करत होतं.

दार ठोठावलं. त्या दारावर मी आजवर कधी ठोठावलेलं नव्हतं. लोखंडावर बोटांची हाडं किती दुखतात!

हातेमने दार उघडलं. उपासाने ओठ सुकलेले, पण चेहरा ताजा. "अरे उस्ताद! ये ये, आत ये. आपलंच घर समज."

मी आत गेलो. माझ्या खुर्चीवर त्याचं जाकीट. मला त्याने कोपऱ्यातलं स्टूल दिलं, ज्यावर तो बसतो. ते डुगडुगतं. मला माहीत नव्हतं.

"काय करतोयस?"

"माझ्या खोलीत बसून माझ्या माइकवर माझ्या ओळी म्हणतोय. तू काय घेशील? बिअर आहे, पण तुला चालणार नाही. मलाही चालत नाही. पाणी देऊ?"

"पाणी नको. आवाज लाल पट्टीत जातोय, ते बटण खाली घे." मी हात पुढे केला.

त्याने हलकेच माझं मनगट धरून बाजूला केलं. "असू दे. पाहुण्यांनी हात लावायचा नसतो."

मी पुन्हा बसलो. त्याने काही सुरू केलं नाही, मी असेपर्यंत सुरू करणारही नाही हे दिसत होतं. आम्ही थोडा वेळ बोललो. हवेबद्दल, त्याच्या नापास होणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल. मग माझ्या लक्षात आलं की मी निघण्यासाठी निमित्त शोधतोय. माझ्याच खोलीतून. विचित्रच अनुभव. आवाजाची पातळी खरोखर जास्त होती, हे मात्र नोंदवून ठेवतो.

९ एप्रिल, रविवार

रब्बी अमसेलेम यांच्याकडे गेलो. प्रश्न साधा होता: विकलेल्या खोलीतल्या यंत्रांना मालक हात लावू देत नसेल तर मला काय अधिकार?

त्यांनी विक्रीपत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "मोनी ओहायोन, हे तू लिहिलंस?"

"स्वतः."

"एकोणीस वर्षं मी विक्रीपत्रं करतोय. असं पक्कं एकही जमलं नाही. निवारा नगरपालिकेचा, तो तुला विकता येणार नाही. पण तुझा तिथला वापराचा हक्क आणि आतलं सगळं सामान तू धड विकलंस. सण संपल्यावर त्याने परत विकलंच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही."

"लोक ते समजून घेतात."

"लोक ढिसाळ असतात," रब्बी म्हणाले आणि पुढे पोट धरून हसू लागले. धर्माच्या माणसाला ते शोभत नाही. "कुणाला विकलंस? हातेमला? मग कसली काळजी? तुझा मित्र ना तो?"

मी म्हणालो, अर्थात.

घरी येईपर्यंत त्या शब्दावर विचार करत होतो. तो माझा सहकारी आहे, शिष्यही म्हणता येईल. मी त्याच्या घरी एकदाच गेलोय, एसीसाठी. तो आमच्याकडे? इम्माच्या हातचं जेवायला बोलवायचं राहूनच गेलं. भेटायला निवारा होता ना.

१० एप्रिल, सोमवार

ठरवलं. मंचावर एकटा उभा राहीन. हातेमच्या जागी नुसती गिंब्री वाजवीन. आज घरी चमच्याने टेबलावर ठेका धरून सराव केला, कारण गिंब्री त्याच्या मालकीची आहे.

इम्मा म्हणाली, "अर्ध्यावर का थांबतोस?"

"माझा भाग तेवढाच आहे."

"मग हे गाणं नाही. ही नुसती हाक झाली."

तिला संगीतातलं कळत नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

काल आणि आज, दोन्ही आजच लिहितो. क्रमाने.

काल सूर्य बुडाला. आकाशात तारे दिसले की सण संपतो आणि मिमूना सुरू होते. घराची दारं उघडी टाकायची, जो येईल त्याला गोड खायला घालायचं. पण आठवडाभर घरात पीठ नसतं, तर पहिली मुफलेता, आमची ती तव्यावरची पातळ पोळी, करायची कशाची? मोरोक्कोत मेकनेसला असताना शेजारची मुसलमान बाई पीठ घेऊन यायची, असं इम्मा दरवर्षी सांगते. इथे मी कोपऱ्यावरचं दुकान उघडायची वाट बघतो.

काल मी जोडे घालत होतो, तेवढ्यात दारात हातेम. डोक्यावर परात. परातीत पीठ, यीस्ट, मधाची बाटली, लोणी, गव्हाच्या हिरव्या ओंब्या. खजूर आणि पाणी, एवढ्यावर उपास सोडून आला होता, जेवला नव्हता.

इम्माने तोंडावर हात ठेवला. मग तिने जी किलकारी दिली, ती ऐकून खालच्या मजल्यावरचा बुझाग्लो धावत वर आला.

"ओंब्या आणायच्या हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तूच. तीन वर्षं सांगतोयस. मी शब्दही ऐकतो, उस्ताद."

इम्मा त्याच्याशी तिच्या मोरोक्कन अरबीत बोलत होती, तो त्याच्या इथल्या अरबीत. निम्मं एकमेकांना कळत नव्हतं, तरी दोघं थांबत नव्हती. तिने त्याला तव्यापाशी उभं केलं. "मध कमी घालू नकोस, कंजूष कुठला." "मावशी, हा मध नव्हे, पूर आहे." असं चाललं होतं.

मग त्याने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "ही तुझी खोली. नाणं परत दे, व्यवहार पुरा."

मी दिलं. अट घालेल असं वाटलं होतं. त्याने घातली नाही. मीच विचारलं, "बस? एवढंच?"

"एवढंच. उद्या मी येत नाहीये. पूर्ण गाणं मशीनवर ठेवलंय. ऐकायचं तर ऐक, पुसायचं तर पूस. खोली तुझी आहे."

इम्माने विचारलं, कसलं गाणं? त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मशीन कशाला? तोंड आहे ना. म्हण."

आणि तव्याशी, हातात उलथनं घेऊन, त्याने म्हटलं. पहिल्या आठ ओळी, भाकरी आणि मध. मग नववी:

दार उघडं आहे म्हणतोस, ये म्हणतोस, येतो.
दार तुझं, कडी तुझी, 'ये' हा शब्दही तुझा.
बसलो तरी पाहुणा, उठलो तरी पाहुणा.
या गल्लीत आजोबांनी माझ्या लिंबू लावला होता.
लिंबं अजून पिकतात. मी विचारून तोडतो.

पुढच्या तीन ओळी लिहीत नाही, त्या मला पाठ आहेत.

बुझाग्लो आपल्या ताटलीकडे बघत होता. इम्माने तव्यावरची करपलेली पोळी काढून टाकली. "मेकनेसला आम्हीही असेच होतो," ती म्हणाली. "माझे वडील त्याच गावात जन्मले, त्यांचे वडीलही. तरी पाहुणे. फक्त आमच्यात कुणी गाणं केलं नाही." मग तिने हातेमच्या गालाला पिठाचा हात लावला. "बस. जेव आधी. या घरात तुला कुणी विचारणार नाही आणि तूही विचारायचं नाहीस."

मी या वेळात काय करत होतो, तर माझं बोट ताटलीच्या कडेवर ठेका धरत होतं, सवयीने. आणि एक गोष्ट ध्यानात आली. नवव्या ओळीत तो पळत नाही. तो अर्धी मात्रा आधी उचलतो, ती उचल धरून ठेवतो आणि सोळाव्या ओळीच्या शेवटी बरोबर समेवर येतो. आठवर तोडलं की सम हाती लागतच नाही. म्हणजे तोडण्यात चूक होती. तांत्रिक चूक, आणि ती माझी. मी त्याला तसं सांगितलं, बोटाने वाजवून दाखवलं.

"अर्धी मात्रा," तो म्हणाला. "एवढंच ना?"

"एवढंच. उद्या दहा वाजता ये. इस्त्रीचा शर्ट घालून."

"तुझं मन म्हणजे ना," तो म्हणाला, पण वाक्य त्याने पुरं केलं नाही. तोंडात मुफलेता होती.

आता आजचं. बागेत धूर, मांस, मुलं, फुगे. आमची पाळी दुपारी. उपाशी पोटी तळत्या मांसाच्या धुरात उभं राहून हातेमने म्हटलं, याची नोंद घ्यायला हवी. माझ्या भागाला टाळ्या ठेक्यात पडल्या. त्याच्या पहिल्या आठ ओळींनाही. नवव्याला समोरच्या रांगेतल्या टाळ्या एकेक करून थांबल्या. अरबी इथे अर्ध्या लोकांना कळते, आणि बाकीच्या अर्ध्यांना शेजाऱ्याचा चेहरा कळतो. चिमटा हातात घेतलेला एक माणूस ओरडला, "हिब्रूत बोल!" दोन कुटुंबं चटया गुंडाळून उठली.

हातेमचा आवाज घाबरून खरोखरच पुढे गेला. अर्धी नव्हे, दीड मात्रा. मशीनवरचा ठेका मागे राहिला. अशा वेळी नियम असा की वाजवणाऱ्याने ठेका सोडायचा नाही, गाणारा परत येतो. मी पायाने मशीन बंद केलं आणि गिंब्री घेऊन त्याच्या मागे गेलो. तो जिथे जाईल तिथे. ठेका सोडून कुणाच्या मागे जायची माझी ही पहिलीच वेळ. याला अपवाद समजावं.

सोळाव्या ओळीला आम्ही एकत्र उतरलो. टाळ्या थोड्या होत्या. मागच्या बाजूला, बागेच्या कुंपणापाशी, काही अरब कुटुंबं उभी होती. मला आधी दिसली नव्हती. ती आत आली. एका बाईने आपली चटई उठून गेलेल्यांच्या जागी पसरली. चिमटेवाला गेला नाही. तो तिथेच मांस उलटत राहिला, पाठ आमच्याकडे करून, पण दुसरं गाणं सुरू झाल्यावर त्याचा पाय हलत होता. उजवा.

१६ एप्रिल, रविवार

मंचावरचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला. मला शिव्या येतायत, त्यालाही येतायत. ताडून पाहिलं तर त्याच. दोन गिऱ्हाइकांनी एसीचं काम रद्द केलं. हातेमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने शिक्षक बदलून मागितला. तो म्हणाला, "तो पोरगा गाडी मागे घेताना झाडच शोधतो. माझी सुटका झाली."

दुसऱ्या मजल्यावरच्या बुझाग्लोने जिन्यात थांबवून विचारलं, "पुढचं कधी?"

पुढच्या गाण्याचं काम सुरू केलंय. स्टूल दुरुस्त केलं. एक पाय आखूड होता.

२३ एप्रिल, रविवार

तेल अवीवहून एक बाई आल्या होत्या, जाहिरात कंपनीच्या. मंचावरचा व्हिडिओ पाहिला म्हणाल्या. एका मोबाईल कंपनीसाठी 'उंबरठा' हवंय. "किती सुंदर संदेश आहे, मध आणि शेजार!" नवव्या ओळीपासून पुढे मात्र टाळ्या आणि मुलांचं हसू टाकतील. हातेमला त्याचा वाटा मिळेल, चेहराही दिसेल, फक्त त्या आठ ओळी नसतील. पैशांचा आकडा त्यांनी कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला.

मी म्हणालो, त्याला विचारावं लागेल. असं मी याआधी कुणाला म्हणालो असेन असं आठवत नाही.

हातेम ईदची बिस्किटं घेऊन आला. मी कागद दाखवला. तो खुर्चीवर बसला, माझ्या, आणि पाय पसरले.

"घे ना, उस्ताद. माझं काय जातंय? ती बाई मला कापायचे पैसे देतेय. तू तर फुकट कापत होतास."

"थट्टा नको. तुझी गाडी बदलायला झालीये. माझ्या इम्माचे दात बाकी आहेत."

"म्हणून तर म्हणतोय घे. खरंच. मी रागावणार नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. रागावणार नव्हता, हे खरं होतं. ते मला अजिबात आवडलं नाही.

बाईंना फोन केला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, तांत्रिक आहे. मागून हातेम इतक्या मोठ्याने हसला की बाईंनी विचारलं, तिकडे कोण आहे? मी म्हणालो, ज्याचं गाणं आहे तो.

नोंदीसाठी लिहून ठेवतो. नाकारलेला देकार: 'उंबरठा' गाण्याचे हक्क, एका वर्षासाठी, हातेम शरकावी याच्या शेवटच्या आठ ओळी वगळून. रक्कम: नव्वद हजार शेकेल.